मितालीचं लग्न आणि खाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह

कुठलं कशाशी जुळतं हे ओळखण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या महापे एमआयडीसीत सापडणार नाही! पंधरा वर्षं हेच करतोय. कुठल्या पाइपला कुठला व्हॉल्व्ह, त्याला फ्लॅंज कुठल्या धातूची. फ्लॅंज म्हणजे पाइपच्या तोंडाची ती भोकं असलेली जाड चकती. व्हॉल्व्ह तिलाच बोल्टांनी आवळतात.

त्यामुळे माझ्या मेव्हणीचं, मितालीचं, प्रकरण घरात कळलं तेव्हा मी छाती फुगवून म्हटलं, "माझ्यावर सोडा!"

प्रकरण नाजूक होतं. मिताली उरणची कोळ्यांची पोर. तिचा अश्विन बौद्ध, परभणीकडचा. माझ्या सासूबाई, दुर्गाबाई, महिनाभर माझ्याशीही बोलल्या नाहीत. मग एके दिवशी ताजे बोंबील घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पोरगा बरा हाय. बोलवा त्यांना."

रविवारी अश्विन आणि त्याची आई क्रांतीताई आमच्या द्रोणागिरीच्या घरी आले. क्रांतीताई शाळेत शिकवतात. त्यांच्यासमोर मीसुद्धा आपोआप ताठ बसलो! बायकोने, उज्वलाने, चहा आणला. दुर्गाबाई चक्क हसल्या. सगळं लोण्यासारखं चाललं होतं आणि माझा फोन वाजला.

दीपेश! आमचा फिटर. बंदराजवळच्या एका कारखान्यात तो खाऱ्या पाण्याची लाईन टाकत होता. मी बाल्कनीत गेलो. त्याच्या बाजूला पंपांचा एवढा गोंगाट, की मला हेलिकॉप्टर थांबवल्यासारखं ओरडावं लागत होतं.

"सर, व्हॉल्व्ह स्टेनलेसचा आलाय, फ्लॅंज साधी लोखंडी आहे. जोडू?"

"अजिबात जोडू नका!" मी गरजलो. "दोघांची जात वेगळी आहे!"

मागे हॉलमध्ये कपबशी वाजली. मी लक्ष दिलं नाही.

"आज दिसेल छान! जरा दिवस जाऊ द्या. त्याला काही होणार नाही, तो चकचकीतच राहील. झिजून मरणार ती!"

"सर, फ्लॅंज नवीन दिसतेय पण."

"वरून रंग मारून खपवलीय ती! खरवडून बघा, आतून पार गंजलेली असेल!"

"मग काहीच उपाय नाही?"

"आहे ना! मध्ये जाड पॅकिंग घाला. एकाचा दुसऱ्याला स्पर्शसुद्धा होता कामा नये!"

मी वळलो. बाल्कनीचं दार सताड उघडं! दारात क्रांतीताई उभ्या, पर्स खांद्याला. त्यांच्या मागे मिताली रडतेय, आणि तिच्या मागे दुर्गाबाई, हातात आमची सुरी. ती केक कापायला आणलेली होती, पण त्या क्षणी तसं वाटत नव्हतं!

"माजी पोर गंजलेली काय, जावई?" दुर्गाबाई म्हणाल्या. "रंग मारून खपवलीय तिला?"

"स्पर्शाबद्दल फारच स्पष्ट बोललात," क्रांतीताई शांतपणे म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. "अश्विन, चल."

"भावजी, तुम्ही पण?" मिताली हुंदका देत म्हणाली.

"ताई, ते व्हॉल्व्हबद्दल होतं!"

"व्हॉल्व्हला जात असते?"

"धातूला असते! म्हणजे तसं नाही... खारं पाणी असलं की स्टेनलेसला चिकटलेलं लोखंड झिजतं... उज्वला, सांग ना!"

उज्वला म्हणाली, "हे झोपेतही असंच बोलतात हो. मला लग्नानंतर दोन वर्षं वाटायचं, फ्लॅंज नावाची कोणीतरी आहे."

अश्विन फस्सकन हसला. क्रांतीताईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. हीच संधी! मी फोनसकट दोन्ही हात वर केले आणि जीव तोडून ओरडलो, "जात-बित काही नसतं! बिनधास्त जोडा! मध्ये काही घालू नका, कोणाला विचारू नका, आजच्या आज जोडून टाका!"

क्रांतीताईंनी पर्स खाली ठेवली. दुर्गाबाईंनी सुरी केककडे वळवली. मिताली हसत हसत पुन्हा रडली. मी खुर्चीत कोसळलो आणि मोठ्ठा तुकडा तोंडात घातला.

तासाभराने तिसरा तुकडा तोंडात असताना दीपेशने फोटो पाठवला. मघाशी ओरडताना फोन मी बंद केलाच नव्हता! स्टेनलेसचा व्हॉल्व्ह, लोखंडी फ्लॅंज, बोल्ट करकचून आवळलेले. खाली लिहिलं होतं, 'सांगितलंत तसं जोडलं सर. मध्ये काही नाही.'

केक घशातच अडकला. मी फोन लावला, तर लाईन सुरू झालेली. "आता पुढच्या शटडाउनला, कारखाना बंद ठेवतील तेव्हा बदलू," तो म्हणाला.

पावसाळा गेला आणि उरणला हॉल भरून लग्न लागलं. मिताली-अश्विन हार हातात घेऊन समोरासमोर. सगळे शांत. मला एकच काम दिलं होतं, गप्प बसायचं. आणि फोन थरथरला. दीपेश! मागे पंपांचा तोच गोंगाट.

"सर, सांधा गळतोय! काय करू?"

मी सवयीने ओरडलो, "बघत काय बसलात? आत्ताच्या आत्ता वेगळं करा दोघांना!"

अख्खा हॉल वळला. अश्विनने घाईघाईने हार घालून टाकला. दुर्गाबाई उठल्या, माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि जेवणाच्या टेबलावरच्या कोळंबीच्या रश्श्यात सोडला.