भज्यांवर चालणारा टेम्पो

आपल्या टेम्पोसाठी यापुढे पेट्रोल पंपाचं तोंड पाहणार नाही, असं दस्तगीरभाऊंनी बेडशाच्या चौकात जाहीर केलं आणि तिथूनच सगळं बिघडायला लागलं.

लेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या बायकोचा, ताजुन्निसाचा, भज्यांचा गाडा. कढईतलं जळकं तेल घ्यायचं, त्यात कॉस्टिक सोडा आणि स्पिरिट घालून डिझेल करायचं. मोबाइलवर त्यांनी सगळं पाहून ठेवलं होतं. डिझेल फुकट, वर पर्यावरणाची सेवा!

ताजुन्निसा म्हणाली, "काय करायचं ते करा. माझ्या कढईला हात लावू नका. घर तिच्यावर चालतंय."

पहिला डबा झकास जमला. टेम्पो कामशेतला जाऊन आला, भज्यांच्या वासानं वाटेतली सगळी कुत्री मागे लावून. पण जळकं तेल उरणार किती? ताजुन्निसा हात राखून तेल वापरणारी बाई. मग भाऊंनी नवं तेल आणलं आणि ते लवकर काळं व्हावं म्हणून सकाळपासून स्वतःच भजी तळत बसले. कढई अर्थातच तिची.

भज्यांचा ढीग झाला. तो खपवायला टेम्पो कान्ह्याला गेला, बेगडेवाडीला गेला, पार लोणावळ्यापर्यंत गेला. भजी निम्मी परत आली, डिझेल मात्र सगळं संपलं. म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी भजी. उरलेली गावात घरोघर वाटली. ते काळं तेल पाहून गाड्यावरचं नेहमीचं गिऱ्हाईकही तुटलं.

अशात शेजारच्या खाचराचे मालक हौशीरामआबा आले.

"दस्तगीर, तू डिझेल करतो का कापडं धुतो?"

"डिझेलच, आबा. पण ते पाण्यानं धुवावं लागतं."

"आन ते पाणी?"

"वढ्यात सोडलं."

"वढा माझ्या खाचरात येतो. भाताच्या रोपाला फेस आलाय. समदं पिवळं पडलंय. लावणी कशाची करू मी आता?"

भाऊंना खरंच वाईट वाटलं. "आजच दुसरी रोपं आणून देतो, आबा. टेम्पोनं."

"टेम्पोत डिझेल हाय का?" ताजुन्निसानं विचारलं.

"करतो की. थोडी भजी तळली की झालं."

"गॅस संपलाय. तुमच्या भज्यांनीच."

"मग सिलिंडर आणतो."

"कशानं?"

तिनं भाऊंच्या एका हातात रिकामा कॅन दिला, दुसऱ्या हातात भज्यांची पिशवी. "चालत जावा. पंपावर खपली तर बघा."

पंपावरच्या माणसानं कॅन भरून दिला, पण पिशवी परत सरकवली. "भजी नको, भाऊ. तुमच्याच गावची माणसं सकाळपासून हितं देऊन जात्यात."