कंट्रोलर साहेबांनी लावलेली पोथी

पलंगावर सात जाडजूड कादंबऱ्या मांडून भगवानराव सकाळपासून नुसते बघत बसले होते. पुण्याहून नातीनं, अर्पितानं, जुन्या बाजारातून घेऊन पाठवलेल्या. सातही पुठ्ठ्यांवर तीच काळी गढी, तोच अर्धा चंद्र आणि कंदील घेऊन पळणारी तीच बाई. लुगड्याचा रंग तेवढा वेगळा. निजामाच्या काळातली गढी, तिच्यातली एक कुलूपबंद खोली आणि पिढ्यानपिढ्या नको त्या माणसाला जीव लावून बसणाऱ्या बायका, असा सगळा मामला. पण एकाही खंडावर आकडा नव्हता. पालमच्या बस स्टँडवर कोणती गाडी आधी अन् कोणती मागून हे माईकवर सांगण्यात ज्या कंट्रोलरचा जन्म गेला, त्याला पहिलं पुस्तक कोणतं ते ठरवता येईना.

त्यांनी पुण्याला फोन लावला.

"आजोबा, लेखिकेनं मधली गोष्ट आधी लिहिली," अर्पिता म्हणाली. "मग मागची, मग पुढची. तुम्ही छापल्या क्रमानं वाचा."

मागून बालाजीचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा आवाज आला. "काळाच्या क्रमानं वाचा म्हणावं. जे आधी घडलं ते आधी. त्यात काय एवढं?"

"बरं, मी इचार करतो अन् उद्या सांगतो," भगवानराव म्हणाले.

आता खरं सांगायचं तर त्यांना विचार करायचाच नव्हता. बायको, कमलबाई, गेल्यापासून त्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता, आणि एकट्याच्या भाताला शिट्टी द्यायला कुकरसुद्धा कुरकुरायचा. मुलाचा फोन रविवारी यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवतो. पण या क्रमाच्या भानगडीनं रोज फोन करायला कारण मिळालं होतं. एके दिवशी ते छापल्या क्रमाच्या बाजूनं बोलत, दुसऱ्या दिवशी काळाच्या. शेवटी अर्पिताच कंटाळली. "आजोबा, छापल्या क्रमानं. विषय संपला," असं म्हणून तिनं सातही नावं ओळीनं सांगून टाकली. विषय संपला आणि दुसऱ्या दिवशी फोन करायला काही उरलं नाही.

तेव्हा कुठं दिवेलागणीला ते पुस्तक घेऊन ओट्यावर येऊन बसले. मनातल्या मनात वाचायची सवय त्यांना कधीच नव्हती. गंगाखेडमार्गे परभणीची गाडी पुकारावी तशा आवाजात त्यांनी सुरू केलं, "अमावास्येच्या त्या भीषण रात्री गढीच्या सज्ज्यावर एक आकृती उभी होती..."

समोरच्या घरातून कस्तुराबाई आल्या. त्याही एकट्याच, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं हैदराबादला. हातात नारळ आणि उदबत्ती. नारळ पुस्तकापुढं ठेवला, हात जोडले आणि त्या ओट्याच्या कडेला टेकल्या.

"कंट्रोलर सायेब, पोथी लावली अन् सांगितलं बी न्हाई?"

बाई, ही पोथी नव्हे, कादंबरी आहे, एवढंच बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण कमलबाईंच्या माघारी दिवेलागणीला त्या ओट्यावर कुणी टेकलं नव्हतं.

"आजच लावली," भगवानराव म्हणाले, आणि फसले.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सरजाबाई चार बायांना घेऊन आल्या. त्यांच्यामागून सटवाजी आले. मारुतीच्या देवळात कुणीही पोथी वाचो, तिचा अर्थ सांगायचा मान सटवाजींचा. त्यांनी बगलेतलं पोतं अंथरलं, मांडी घातली आणि कुणी बोलावलं नसताना डोळे मिटले.

"'आणि कप्तानाने अंधारात तिचा हात धरला,'" भगवानरावांनी वाचलं आणि त्यांचे कान तापले.

"म्हंजी बघा," सटवाजी म्हणाले, "गढी म्हंजी आपला देह. कुलपातली खोली म्हंजी अहंकार. अन् कप्तान म्हंजी सद्गुरू. सद्गुरूनं एकदा का हात धरला, मंग सोडत न्हाई."

बायांनी नमस्कार केला. अडचण अशी की पुढच्या ओळीत सद्गुरू नुसत्या हातावर थांबायला तयार नव्हते. भगवानरावांनी घाईघाईनं पान उलटलं. "इथं कसरीनं खाल्लंय."

"कसर बी लय गुणाची दिसायली," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या.

पहिलं पुस्तक संपलं ते गढीच्या मालकिणीच्या, दिवाणीणबाईंच्या मरणानं. गढीला आग लागते आणि ती आतच राहते. सगळ्या आळीनं डोळे पुसले. दुसऱ्या पुस्तकात लेखिका मागच्या काळात गेलेली, त्यामुळं उघडल्या पानाला दिवाणीणबाईंचं लग्न.

"थांबा जरा," सरजाबाई म्हणाल्या. "परवा जळून मेली ती आज बाशिंग बांधून कशी बसली?"

भगवानरावांनी सटवाजींकडे पाहिलं. सटवाजींनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "पुनर्जन्म."

"त्याच घरात? त्याच नवऱ्यासंगं?"

"वासना राहिली असंल."

"गुमान ऐका की," कस्तुराबाई म्हणाल्या. "पुढं कळतंय समदं."

मग काय, ओटा पुरेना. कुणी शिरा आणला, कुणी केळी. रोज पाच-पंचवीस माणसं जमू लागली आणि कुणीतरी माईक आणून दिला. माईक हातात आला तेव्हा भगवानरावांना भरून आलं. त्यांनी तो दोनदा टिचकी मारून बघितला, जसा स्टँडवर बघायचे तसा. एकट्यासाठी भात लावायचं त्या दिवसांत ते विसरूनच गेले होते, कारण डबा कुणाच्या ना कुणाच्या घरून यायचा.

सहावा खंड संपत आला तेव्हा सरजाबाईंनी विचारलं, "समाप्तीला बुंदी करायची का पुरणपोळी?"

समाप्ती झाली की सतरंजी गुंडाळली जाणार, माईक जाणार, माणसं आपापल्या टीव्हीपुढं जाणार. भगवानरावांनी पुण्याला फोन केला. "अर्पिता, असा एखादा क्रम न्हाई का गं, की सातवा येतच न्हाई?"

"असा कसा क्रम असेल, आजोबा? शेवट भारी आहे. वाचून टाका पटकन."

त्यांनी सातवा खंड फडक्यात गुंडाळला आणि स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या कोठीत खुपसला. संध्याकाळी माईक हातात घेतला. "सातवा खंड काही कारणास्तव येणार नाही. श्रोत्यांनी नोंद घ्यावी."

गाडी रद्द झाल्यावर प्रवासी कुरकुरत पांगतात तशी माणसं पांगली. कस्तुराबाई मात्र उठल्या नाहीत.

"कोठीत हाय का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"सातवा. ज्वारीच्या कोठीत. मी बी तिथंच लपवायचे."

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं? ही पोथी न्हाई म्हणून?"

"पहिल्या ओळीलाच वळखलं. लगीन होऊन आले तवा आमचे मालक गंगाखेडच्या लायब्ररीतून आणायचे. मी सहा वाचले. सातवा वाचायलते तर तव्यावरची भाकर करपली. सासूनं चुलीत घातलं. भाकर न्हाई, पुस्तक."

"मग नारळ कामून आणला?"

"एकट्या गड्याच्या ओट्यावर कादंबरी ऐकायला बाईमाणसानं कसं बसावं, सायेब? पोथीला कोण काय म्हणतंय. अन् माज्या बी घरात कोण हाय बोलायला."

गल्लीत अंधार पडत चालला होता.

"ती खोली उघडली का हो त्यांनी?" त्यांनी विचारलं. "भाकरी थापताना अजून येतंय मनात. काय असंल आत म्हणून."

भगवानरावांना स्वतःची फार लाज वाटली. बाईनं उभा जन्म ज्याची वाट पाहिली, ते आपण ज्वारीत पुरून बसलो होतो. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती, आणि ती त्यांनी बोलून टाकली. "सातवा संपला की उद्यापून कुणी यायचं न्हाई, बाई. तुमी बी न्हाई."

भगवानराव उठले, आत गेले, कोठीत दंडापर्यंत हात घातला आणि पुस्तक घेऊन आले. त्यांनी ते झटकलं तेव्हा ज्वारीचे दाणे ओट्यावर सांडले.

रद्द झालेली गाडी पुन्हा पुकारली, माणसं परत जमली आणि सातवा खंड वाचून झाला. खोली उघडली. आत ना खजिना होता, ना भूत. विझलेली समई होती आणि समोरासमोर मांडलेले दोन पाट. त्यातल्या एकावर कधीच कुणी बसलेलं नव्हतं. सगळ्यांनी सटवाजींकडे पाहिलं. सटवाजींनी पहिल्यांदाच डोळे उघडले होते आणि ते ओले होते.

"ह्याचा अर्थ आमाला न्हाई सांगता यायचा," ते म्हणाले.

कस्तुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. बुंदी वाटली, माईक गेला, माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी सतरंजी घातली नाही. मूठभर तांदूळ धुतले, कुकर लावला आणि सवयीनं ओट्यावर येऊन बसले. समोरचं दार वाजलं. कस्तुराबाई नारळ घेऊन येत होत्या, आणि गल्लीच्या तोंडाशी सटवाजी बगलेत पोतं मारून चालत येत होते.

"तुमी समदं उलटंसुलटं वाचलंव," कस्तुराबाई म्हणाल्या. "आता काळाच्या क्रमानं लावा. दिवाणीणीचं लगीन आधी, मरण मागून."

"पुन्यांदा?"

"पारायण कुणी एकदाच करतंय का?"

भगवानराव आतून पुस्तक आणायला गेले तोच फोन वाजला. बालाजी होता. रविवार नसताना.

"बाबा, झालं का वाचून? म्हटलं बऱ्याच दिवसांत तुमचा फोन नाही, बोलावं जरा."

"मागून कर," भगवानराव म्हणाले. "माणसं बसलीत."