कुरडयांना शेवटचं ऊन

"आज थेंब जरी पडला ना, तर वैजनाथ नाव लावणार नाही!"

वैजनाथरावांनी गच्चीवरून आभाळाकडे बघत जाहीर केलं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्यांनी पर्जन्यमापक वाचला होता. त्याचं कौतुक द्वारकाबाईंना मुळीच नव्हतं.

"तुम्ही पडून गेलेला पाऊस मोजायचात. पडणारा कुणी विचारला होता तुम्हाला?"

पण त्यांचाही नाइलाज होता. गच्चीवर कुरडया वाळत होत्या. रात्रीच्या गाडीनं जावई अमेय त्या पुण्याला, आपल्या आईकडे नेणार होता. ह्या विहीणबाई, यमुनाबाई, गेल्या उन्हाळ्यात कुरडई खाऊन गोड हसल्या होत्या, "छान आहे हो! विकतची का?" तेव्हापासून द्वारकाबाईंना अन्न गोड लागत नव्हतं! यंदा तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, हात मोडेस्तोवर सोऱ्या फिरवून घातलेल्या कुरडया होत्या. घराण्याच्या इज्जतीचा सवाल होता.

"मी शहागंजात जाऊन येते. कुरडया नजरेआड करू नका! आणि कुत्र्यांना फिरवून आणा."

दोन्ही हुकूम एकाच वेळी कसे पाळायचे? वैजनाथरावांना लगेच सुचलं. गच्चीवर टाकीची सावली यायला लागली होती. गोगाबाबा टेकडीवर मात्र ऊनच ऊन! त्यांनी कपाटातून जुनीशी दिसणारी एक साडी काढली, कुरडयांचं गाठोडं बांधलं आणि घरचा ब्रूनो आणि गल्लीचा काळू यांना घेऊन टेकडी गाठली.

वर खडकावर साडी पसरली. वारा होता, म्हणून तीन टोकांवर दगड ठेवले. चौथ्या टोकाला दगड मिळेना, तर ते ब्रूनोच्या पट्ट्याला बांधलं. पस्तीस किलोचा ब्रूनो! ह्याच्याहून चांगलं वजन कुठलं?

तेवढ्यात दौलताबादेकडून ढग आला.

"जाईल निघून," वैजनाथराव काळूला म्हणाले.

ढग गडगडला. ब्रूनो शूर होता, पण फक्त मांजरांपुढे. तो जो सुटला तो साडीसकट! कुरडया उतारावर उधळल्या आणि त्यांच्यावर टपाटप गारा पडू लागल्या. पांढऱ्यावर पांढरं!

"अहो, गोळा करा! पुण्याला जायच्यात!" वैजनाथराव ओरडले.

फिरायला आलेली मंडळी धावली. आप्पासाहेबांनी तर टोपीभर वेचून आणल्या. चहाच्या टपरीच्या छपराखाली पाहिलं, तर टोपीत निम्म्या गारा! उरलेल्या कुरडया भिजून शेवयांसारख्या लोळत पडलेल्या. चहावाल्या कचरूनं त्या बोटानं चाचपल्या.

"काका, आता ह्या वाळत नाय. कांदा टाकून भाजी करू का? लई झ्याक लागती!"

पाऊस, गरम भाजी, वर चहा! सगळे हसून हसून लोळले. वैजनाथरावांनीही दोनदा घेतली. इतकी चांगली कुरडई यमुनाबाईंना गेली नाही, ह्याचं त्यांना जरा बरंच वाटलं.

पण घरी काय सांगणार? काळू भाजीपाशीच थांबला. टपरीमागे दडून बसलेल्या ब्रूनोच्या पट्ट्याची ओली गाठ सुटेना, म्हणून साडी त्याच्याच अंगाला गुंडाळून त्यांनी रिक्षानं थेट शहागंजातलं पापड-कुरडयांचं दुकान गाठलं.

काउंटरवर द्वारकाबाई उभ्या!

"गारा पडल्या तेव्हाच समजले मी," त्या शांतपणे म्हणाल्या.

वैजनाथराव मान खाली घालणार, तोच दुकानदारानं आतून विचारलं, "काकू, गेल्या साली नेला होतात तोच माल देऊ ना?"

पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच वैजनाथरावांची बाजू वर आली होती! त्यांनी छाती फुगवली, घसा खाकरला...

"ब्रूनोच्या अंगावर कुणाची साडी आहे?" द्वारकाबाईंनी विचारलं.

छाती बसली. "तुझीच. जुनी दिसली म्हणून..."

"जुनी? यमुनाबाईंनी दिवाळीत दिलेली नवी साडी आहे ती!"

वैजनाथरावांनी डोळे मिटून घेतले. द्वारकाबाईंनी चिखलानं माखलेल्या ब्रूनोला खालीवर निरखलं आणि त्याच्या डोक्यावरचा पदर नीट केला.

"राहू द्या," त्या प्रसन्न होऊन म्हणाल्या. "माझ्यापेक्षा त्याला शोभते."