मोटघरे सरांचं पेशीपुराण

मोटघरे सरांना ‘कसे आहात?’ असं विचारायची पवनीत कुणाची हिंमत नाही. ते पेशीपासून सांगायला सुरुवात करतात.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचो, ते जीवशास्त्र. निवृत्तीनंतर त्यांचा वर्ग सुटला, शिकवणं सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून विचारतील, “हे जिलबी पोटात गेल्यावर कुठी जाते, सांग बरं?”

“सर, मठ्ठा घ्या,” म्हणून वाढपी सटकतो.

गेल्या वर्षापासून त्यांचा विषय एकच : अंडाशयाचा कर्करोग. पेशीनं अन्न कसं वापरायचं, हे ठरवणारी जनुकं असतात. त्यातली काही नीट काम करत असली तर गाठीची वाढ रोखली जाते, असं संशोधकांना आढळतंय. सर हे भर बाजारात भाजीवालीला सांगतात. वर बजावतात, “पण याचं औषध निंगालं असं नोको समजू. हे अजून प्रयोगशाळेतच हाये.”

“मी कुठी समजून राहिली, सर? वांगे देऊ का?”

या ध्यासाचं कारण मला उशिरा कळलं. सानगडीला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, शांताबाईंना, हाच आजार झाला होता. ऑपरेशन झालं, नागपूरला केमो सुरू झाली आणि बाईंनी जेवणच टाकलं. वजन असंच उतरत गेलं तर पुढचा डोस देता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाच्याचा फोन येताच सर मला घेऊन एसटीत बसले. वाटेत कंडक्टरलाही जनुकं समजावून झाली.

बाई खाटेवर बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या.

“बाई, जेवत काहून नाही तू?”

“तूच तं फोनवर सांगत होता, गाठीले साखर लागते म्हून. मंग कायले जेवू? मरू दे तिले उपाशी.”

सरांचा चेहरा उतरला. खरं तर त्यांनी बरंच सांगितलं होतं. बाईंनी तेवढंच धरून ठेवलं होतं.

ते खाटेजवळ खाली बसले. “चुकलं माह्यं, बाई. इतकं सांगाले नोको होतं. तू उपाशी रायली तं गाठ नाही मरत. तूच खंगशील. ते जनुकं पेशीत असतात, ताटात नाही.”

भाचेसुनेनं वरणभात आणला. सरांनी तो स्वतः कालवला. बाईंनी एक घास घेतला, मग दुसरा. तिसरा हातातच धरून त्यांनी विचारलं, “तू जेवला का रे?”

सर सकाळपासून उपाशी होते. बाईंनी ताट मधे सरकवलं. मी बसची वेळ बघायच्या निमित्तानं बाहेर आलो.

पुढचा डोस ठरल्या दिवशी झाला. पुढचेही होताहेत. सर आता दर रविवारी सानगडीला जातात. परवा मी विचारलं, “बाईंना आता काय शिकवता?”

“काही नाही,” सर म्हणाले. “दोघं जेवतो.”