दीडपट त्रिविक्रम

त्रिविक्रमच्या नव्या अल्बमचं कौतुक करणारं एकच परीक्षण आलं, आणि तेही बंगळुरातून. ते लिहिणारा शंतनु मूळचा पुण्याचा, आयटीतला, आणि कॉलेजपासून त्रिविक्रमचा भक्त.

नव्वदच्या दशकात बँड गाजवलेल्या त्रिविक्रमचा साठी उलटल्यावरचा हा पहिलाच एकट्याचा अल्बम. मुंबईच्या एका नामांकित समीक्षकाने 'गायक दमलेला वाटतो' असं म्हणून विषय संपवला होता. शंतनुने मात्र फॅन ग्रुपवर 'साठीतला झपाटा' असा मथळा देऊन लिहिलं, की तिसऱ्या गाण्याला मी भांडी घासता घासता नाचलो. ते फिरत फिरत थेट त्रिविक्रमपर्यंत पोचलं आणि त्याचा फोन आला.

"शंतनुराव, पहिला कार्यक्रम तुमच्याच बंगळुरात. प्रास्ताविक तुम्ही करायचं!"

शंतनु दोन दिवस जमिनीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी ग्रुपवरच्या धनलक्ष्मीअक्कांनी त्याला खाली आणलं. अक्का निपाणीच्या, पण आयुष्य बंगळुरात गेलेलं.

"अण्णा, नाचायचं गाणं कुठलं रे? मी सगळी ऐकली. नातू मात्र स्वस्थ झोपला बघ."

"अक्का, तुमचा स्पीकर बिघडलाय."

"स्पीकर सरी आहे, एकदम ठीक. तू कान तपासून घे."

शंतनुने बायकोला साक्षीला घेतलं. सिद्धीने तिच्या फोनवर तिसरं गाणं लावलं. भांडी घासून, पुसून, मांडणीत लावून झाली तरी गाणं कडव्यावर आलं नव्हतं. तिने त्याचा फोन ओढून घेतला आणि कपाळावर हात मारला.

"अरे, तू दीडपट स्पीडवर ऐकलंयस! ऑफिसचे ट्रेनिंग व्हिडिओ बघतोस तसं!"

"आवाज तर तोच होता..."

"तोच असतो, नुसता घाईत. स्वतःच्या आईचे मेसेजसुद्धा तू असेच ऐकतोस. माणसाला कळणार कसं?"

शंतनुला खरंच लाज वाटली. ज्याच्यासाठी कॉलेजात लेक्चरं बुडवली, त्याचा अल्बम त्याने ऐकलाच नव्हता. परीक्षण मागे घ्यावं तर त्रिविक्रमचं मन मोडणार, न घ्यावं तर हॉल भरून लोक जांभया देणार आणि त्यांना बोलावणारा तोच. कार्यक्रमाचा दिवस उजाडला तरी त्याचा निर्णय होईना.

बंगळुरातल्या बसवनगुडीच्या हॉलमध्ये पडद्यामागे त्रिविक्रम भेटला, तो खिशात परीक्षणाची घडी घेऊनच.

"मुंबईवाल्यांनी मला म्हातारा ठरवलं हो. मी गाणं सोडणार होतो. तुमचं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी रियाजाला बसलो."

शंतनुला हे सहन होईना. त्याने सगळं सांगून टाकलं, भांड्यांसकट.

त्रिविक्रमने खिशातली घडी काढून पुन्हा एकदा वाचली. मग त्याने फोनसाठी हात पुढे केला. "ऐकवा. तुमच्या स्पीडवर."

तो डोळे मिटून ऐकत राहिला. तिसऱ्या गाण्याला त्याचा पाय हलायला लागला.

"बँडमध्ये असंच गायचो आम्ही. एकटा झालो तेव्हा वाटलं, वयाला शोभेलसं गावं." त्याने ड्रमवाल्याला हाक मारली. "आज सगळं या स्पीडने घ्यायचं. झेपेल ना?"

ड्रमवाल्याला झेपलं. त्रिविक्रमला धाप लागली, दोन ठिकाणी शब्द मागे राहिले, पण हॉल उभा राहून नाचला. धनलक्ष्मीअक्का तर खुर्चीवर चढायच्या बेतात होत्या. नातू मात्र रात्रभर जागा राहिला, ही तक्रार ग्रुपवर सकाळी आली.

दुपारी मुंबईच्या त्याच समीक्षकाने लिहिलं, 'अल्बममधला तो संथ, परिपक्व त्रिविक्रम कुठे हरवला?'

संध्याकाळी शंतनुला त्रिविक्रमचा लांबलचक व्हॉइस मेसेज आला. त्यात त्याने ते वाक्य वाचून दाखवलं होतं, मग खूप वेळ नुसता हसला होता, मग खोकला होता, आणि शेवटी थांबत थांबत आभार मानले होते. दीडपटीवर हे सगळं झटक्यात उरकलं असतं. शंतनुने स्पीडचं बटण दाबलं नाही. तो पूर्ण ऐकून झाला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

सिद्धी शेजारीच उभी होती.

"छान," ती म्हणाली. "आता आईंचे मेसेज पण ऐक. सोमवारपासून पडून आहेत."