गांवकर मास्तरांचा बांगडा

गांवकर मास्तरांना तुम्ही काहीही सांगायला गेलात, तरी दुसऱ्याच वाक्याला ते हात वर करून तुम्हाला थांबवायचे आणि विचारायचे, "बांगडो खंयचो?" म्हणजे, ह्यातला बांगडा कुठला? माणूस नवखा असला तर बिचारा आपल्या पिशवीत वाकून बघायचा.

सकाळी पदेर पाव घेऊन यायचा. एके दिवशी तो उशिरा आला आणि सांगायला लागला. लाकडं ओली होती, भट्टी पेटेना, मग सायकलची चेन तुटली, वाटेत भावोजी भेटला. मास्तरांनी हात वर केला. पदेर मुरलेला होता. तो लगेच म्हणाला, "आज उंडे नात, मास्तर." उंडे म्हणजे गोल पाव. "हां," मास्तर म्हणाले, "आतां फुडें सांग." आणि मग पायरीवर बसून त्यांनी त्या भावोजीची सगळी हकिकत शेवटपर्यंत ऐकून घेतली. हे मात्र लक्षात घ्या हं. मास्तरांना पाल्हाळाचा कंटाळा मुळीच नव्हता. आधी बांगडा दाखव, मग मसाला हवा तेवढा वाट, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी मूळची पेडण्याची. आमच्याकडे साधी बस चुकली हे सांगायचं झालं, तरी आदल्या दिवशी काय जेवलो इथून सुरुवात होते. गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षं झाली असतील, तेव्हा माझी बदली डिचोलीत झाली, सुर्ल्याच्या बाजूला एका वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि शिक्षक दोघंच. पहिली-दुसरी माझी, तिसरी-चौथी मास्तरांची. पहिल्या दिवशी मला उशीर झाला आणि मी तो का झाला ते पेडणं सोडल्यापासून सांगू लागले. अजून म्हापशालासुद्धा पोचले नव्हते, तोच बांगडा आला. असा राग आला म्हणता! मनात म्हटलं, मी शाळेत आलेय की मासळी बाजारात?

दुपारी त्यांच्या वर्गात डोकावले तेव्हा कुठे उलगडा झाला. फळ्यावर मोठी कुंडली, म्हणजे आमचं हुमणाचं, माशांच्या आमटीचं, मातीचं भांडं, काढलेली. चौथीच्या पोरांनी हत्तीवरचा धडा घडाघडा वाचला होता. वाचण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण धडा कशाबद्दल आहे विचारलं की एक म्हणायचा, शेपटीबद्दल. दुसरा म्हणायचा, ऊस खातो त्याबद्दल. ज्याला जे आवडलं ते त्याने उचललं. एक हुशार पोर उठून म्हणाला, "हत्ती."

"अरे, घरी आज काय रांधलंय विचारलं आणि तू सांगितलंस, जेवण!" मास्तर म्हणाले. "हत्ती हा विषय झाला. हत्तीबद्दल सांगायचं काय आहे?"

मग त्यांचा प्रयोग सुरू झाला. कुंडलीतून एकेक गोष्ट काढायची आणि चव घेऊन बघायची. सोलं काढली. आंबटपणा गेला, पण हुमण राहिलं. तिरफळं काढली. वास गेला, पण हुमण राहिलं. बांगडा काढला तर? सगळा वर्ग दुःखाने म्हणाला, "नुसती कढी." मग तसंच धड्याचं. शेपटीचं वाक्य झाकलं, धडा जागेवर. उसाचं झाकलं, तरी जागेवर. झाकत झाकत गेल्यावर पोरांना सापडलं की हत्ती एवढा मोठा असून कळपाच्या आधारावाचून जगत नाही, हे ते सांगणं, आणि ते काढलं तर बाकीची वाक्यं नुसती तरंगत राहतात. शिवाय ते वाक्य धड्याच्या शेवटी होतं. पोरं पहिल्याच ओळीत शोधत होती. "बांगडो तळाकूय आसूं येता," मास्तर म्हणाले, "डवलो घालून पळोवचें." डवलो म्हणजे डाव. नुसता बांगडा सांगून मोकळा होणाऱ्यालाही ते सोडत नसत. मसाल्याशिवाय कोण खाणार, म्हणत ते त्याला आधाराची वाक्यं शोधायला परत पाठवायचे. मी गुपचूप माझ्या दुसरीच्या वर्गात जाऊन तीच कुंडली काढली, तेव्हा कुठे माझा राग उतरला.

तर अशी ही शाळा त्या वर्षी बंद व्हायची होती. मुलं कमी म्हणून आमची शाळा रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळावी, असं खात्यात चाललं होतं. रस्ता म्हणजे मायनीच्या ट्रकांचा. खनिज भरलेले ट्रक एकामागून एक, मध्ये माणूस शिरायला फट नाही, आणि धूळ इतकी की समोरचं घर दिसू नये. खाणीवर कामाला सिंधुदुर्गातून आलेल्या माणसांच्या खोल्या आमच्या बाजूला होत्या. आमची निम्मी मुलं तिथली. मास्तर भेटेल त्याला शाळा का राहायला हवी ते समजावत हिंडायचे. ट्रक, धूळ, पोरांचे आईबाप सकाळपासून कामावर, लहान भावंडं कडेवर. कारणं इतकी द्यायचे की मलाच विचारावंसं वाटायचं, अहो, ह्यातला बांगडा कुठला? पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी गप्प बसायची.

खात्याचे साहेब येऊन चौथीचं वाचन तपासणार आणि मग ठरवणार, असं कळलं. येणार कधी, तर श्रावणात. आता आली का पंचाईत! पावसात खनिजाची वाहतूक बंद असते. रस्ता मोकळा, धुतल्यासारखा स्वच्छ. आमचं सगळ्यात मोठं कारणच साहेबांना दिसणार नव्हतं.

त्यात दुसरं विघ्न. देवळातले भटजी श्रावणात घरी पोथी वाचत. त्यांचा नातू मास्तरांच्या वर्गात. अध्याय संपला, घरातल्या सगळ्यांनी हात जोडले आणि नातवाने भक्तिभावाने विचारलं, "आजोबा, ह्या अध्यायात बांगडो खंयचो?" भटजी सोवळ्यानेच शाळेत आले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चवथ, म्हणजे गणपती, होईपर्यंत शाळेत मासळीचं नाव काढणार नाही असं कबूल केलं. दिलेला शब्द मोडायचा माणूस नव्हे तो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कुंडली तीच, पण आत खतखतें. श्रावणात आमच्याकडे ते होतंच. सुरण, मक्याची कणसं, मुळा, शेंगा, करांदे, आंबाडे, घरात असेल ते सगळं एकत्र शिजवायचं. मास्तरांनी विचारलं, ह्यात मुख्य काय? झालं! अर्धा वर्ग म्हणे मका, अर्धा म्हणे सुरण. काढून बघायला गेले तर मका काढला तरी खतखतें, सुरण काढला तरी खतखतें. दोन पोरं हमरीतुमरीवर आली. मास्तर दिवसभर वहाणा हातात घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत होते, पायात घालायचं भानच नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, चुकलंच. पण चूकसुद्धा शिकवून टाकू." सकाळी त्यांनी वर्गाला सांगितलं, खतखतें जेवायला उत्तम, पण लिहिताना मात्र करू नये. ज्या लिहिण्यात सगळं आहे आणि मुख्य काहीच नाही, ते खतखतें समजावं. पोरांना हे बांगड्याहूनही आवडलं. मग काय, जो तो दुसऱ्याच्या निबंधात खतखतें शोधू लागला.

साहेब आले. माणूस शिस्तीचा, इस्त्रीचा. आल्या आल्या रस्त्याकडे बघून म्हणाले, कुठे आहेत तुमचे ट्रक? मास्तरांनी घाईघाईने त्यांना वर्गात नेलं. वर्गात साहेबांनी खिशातून कागद काढला. पाठ्यपुस्तकातला उतारा मुलांना पाठ असतो, म्हणून त्यांनी स्वतः एक लिहून आणला होता, 'आदर्श शाळा'. वाचायला दिला पारूला. पारूचा बाप खाणीतलं पाणी उपसायच्या पंपावर होता, म्हणून ते कुटुंब पावसातही इथेच असायचं. पोर धीट होती. तिने सगळा उतारा न अडखळता वाचला. सुंदर इमारत, कौलारू छप्पर, फुलझाडं, विहीर, घंटा, झेंडा, भिंतीवर नकाशे.

"छान," साहेब म्हणाले. "आता ह्यातला मुख्य मुद्दा सांग."

पारू कागदाकडे बघत राहिली. मास्तर खिडकीचा गज घट्ट धरून उभे. मी दारात. तिने बोटाने एकेक ओळ झाकली, उघडली, पुन्हा झाकली. शेवटी मान हलवून म्हणाली, "सायबानू, ह्या खतखतां आसा."

वर्ग खुसखुसला. साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. मीच पुढे होऊन खतखत्याचा अर्थ सांगितला. जन्मात पहिल्यांदा इतकं थोडक्यात बोलले असेन. साहेबांचा चेहरा तांबडा झाला. "असं? मग काय राहिलं आमच्या उताऱ्यात?" त्यांनी विचारलं.

"शाळेत सगळा आसा," पारू म्हणाली. "बाव आसा, घांट आसा, फुलां आसत. पण पोरां खंय आसत?"

साहेबांनी कागद हातात घेतला आणि स्वतःच वाचला. मुलं कुठेच नव्हती. एकही नव्हतं, खरंच. कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. मग त्यांनी तिला जवळ बोलावून हळूच विचारलं, ही शाळा नसली तर तू पलीकडच्या शाळेत जाशील का?

"चवथ झाली काय ट्रक येतत. मगे आये माका थंय धाडूची नाय," ती म्हणाली. कुरकुर नाही, रड नाही. बाजारात आज काय आलंय ते सांगावं, तशा साध्या आवाजात.

जीपमध्ये बसताना साहेबांनी मास्तरांना सांगितलं की शाळा इथेच राहील, तसं ते लिहितील. आणि त्यांनी लिहिलंही. साहेबाला मी तोवर मनातल्या मनात बरीच नावं ठेवली होती, पण माणूस चांगला निघाला हो.

मुलं गेली. मी आनंदाने नुसती बडबडत होते. मास्तर मात्र खिडक्या लावत होते. लावलेली खिडकी पुन्हा उघडून पुन्हा लावत होते. मग म्हणाले, आमोण्याला घरी माड आहेत, नारळ पडून राहतात. मग म्हणाले, नदीचं पाणी वाढलं की रात्री आवाज येतो. मग भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, डुकरं येतात म्हणाले. मी त्यांना एवढं भरकटलेलं कधी बघितलं नव्हतं. शेवटी न राहवून मी विचारलं, "मास्तर, शाळा राहावी म्हणून तुम्ही एवढी कारणं दिलीत. त्यातला बांगडो खंयचो?"

"ट्रक," ते पटकन म्हणाले.

मी त्यांच्यासारखाच हात वर केला. ते बाकावर बसले, पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन.

"ट्रक खरेच, बाई. भुरगीं तर खरींच." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "पूण म्हाका वासू म्हणपी आवय गेली, मागीर व्हडली भयण आशिल्ली. तीय पोरूं गेली. घरा गेल्यार उलो मारपी कोण ना. हांगा दिसभर कोण ना कोण मास्तर म्हण उलो मारता. शाळा वतली जाल्यार हांव खंय वतलों?"

वासू म्हणून हाक मारणारी आई गेली, मग मोठी बहीण, तीही गेल्या वर्षी गेली, घरी हाक मारायला कुणी नाही; इथे निदान मास्तर म्हणून हाक येते, शाळा गेली तर जायचं कुठे? सगळं वर्षभर हा माणूस गावाला मुद्दा शिकवत हिंडला आणि स्वतःचा मुद्दा कोणालाच सांगितला नाही.   आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या खिडक्या लावल्या आणि आपापल्या वाटेने गेलो.

घरी जाऊन मी रात्रभर एक हाक स्वतःशीच मारून बघितली. जमेल का? मोठा माणूस, त्यातून मास्तर. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या वळणावर पुढे चाललेले दिसले, हातात छत्री, धोतराचा सोगा वर धरलेला, आणि मी मनाचा हिय्या करून मोठ्याने हाक मारली, "वासूदादा, थांबा हो!"

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, आणि मग वळून आपल्या मागे बघितलं, ज्याला मी हाक मारली तो माणूस कुठे आहे म्हणून.