काम चालू असलेली गाडी

आमच्या शेजारचे डबीर काका घरातला साधा बल्ब बदलायचा असला तरी आधी मेन स्विच पाडतात, त्यावर ‘सावधान, आदमी काम पर है’ असा पत्र्याचा लाल बोर्ड लटकवतात आणि मगच स्टुलावर चढतात. त्यांची सगळी नोकरी गोविंदपुऱ्याकडच्या एका कारखान्यात, वीज विभागात गेली. तिथला नियम असा, की बोर्ड ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. निवृत्त झाल्यावर काका बोर्ड आणि नियम दोन्ही घरी घेऊन आले.

एकदा आमच्या दोन घरांच्या सामाईक पाण्याच्या मोटरवर बोर्ड लावून ते तसेच नागपूरला लग्नाला निघून गेले. फोन केला तर म्हणाले, कुणी हात लावू नका, मी येतोच आहे. आले ते मांडवपरतणी आटोपून. बोर्ड मी सहज काढू शकलो असतो. पण मी असा माणूस, की दुसऱ्याच्या घरचा कुकर फसला तरी मला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मी बादल्या वाहिल्या.

गेल्या शिवरात्रीपासून तो बोर्ड गाडीच्या स्टिअरिंगवर आहे. गाडी पन्नास वर्षांपूर्वीची, मोरपंखी रंगाची आणि काकूंची. त्यांच्या वडिलांनी दिलेली. काकांना फक्त दुरुस्ती येते, चालवायच्या काकू. दर शिवरात्रीला त्या भोजपूरच्या महादेवाला गाडी नेत, काका शेजारी बसून इंजिनाचे आवाज ऐकत. गेल्या वर्षी संध्याकाळी परतताना काकूंनी गाडी फाटकाच्या खांबावर घातली. खाली उतरून म्हणाल्या, ‘‘दिवे मंद झाले हो हिचे.’’ दुसऱ्या दिवशी काकांनी बॉनेट उघडलं. यंदाच्या शिवरात्रीला गाडी तयार पाहिजे, एवढंच काकूंनी सांगितलं होतं.

रविवारी टॉर्च धरायला मी जातो. जुन्या वायरी कापडी आवरणाच्या, त्याही उंदरांनी चाखलेल्या. अख्ख्या गाडीला फ्यूज दोनच. काका म्हणाले, ‘‘हे एकत्र कुटुंब आहे, सुधीर. हॉर्न रुसला की वायपरही जेवत नाही.’’ मग त्यांनी प्रत्येकाचा संसार वेगळा थाटून दिला, आणि नव्या फ्यूजांना नात्यातल्या माणसांची नावं दिली. हॉर्न म्हणजे अकोल्याची आत्या. वायपर म्हणजे साडू, पाऊस थांबल्यावर हलणारा. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला. हेडलाइट असे बसवले, की समोरच्या बंगल्यातले गुप्ताजी पडदे लावून जेवू लागले.

पण काम संपेना. सगळं जोडून झालं की काकांना काहीतरी खटकायचं आणि ते पुन्हा सगळं उसवायचे. ‘‘डबीर साब, गाड़ी चलेगी कब?’’ गुप्ताजी विचारत. ‘‘जल्दी किसको है?’’ काका म्हणत. जल्दी काकूंना होती. ‘‘तुम्ही तर नवी गाडीच बनवून राहिले,’’ त्या दारातून म्हणायच्या, आणि टॉर्च धरलेला मी उगाच ओशाळायचो.

शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी मला राहवलं नाही. काकांना म्हटलं, एकदा चालू तरी करून बघू. आत काकूंचा मिक्सर सुरू होता. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दिवे, इंडिकेटर, वायपर, अकोल्याची आत्या, सगळे हजर. बराच वेळ इंजिन जागेवरच चालू ठेवलं, कुठेही खोट नाही. मी हरखून काकूंना हाक मारणार, तेवढ्यात काकांनी गाडी बंद केली, एक फ्यूज उपसला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

‘‘काचबिंदू आहे तिला,’’ ते म्हणाले. ‘‘कडेचं दिसतच नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय. तिला मी सांगतो म्हणालो होतो.’’

‘‘मग?’’

‘‘दिव्यांचाच दोष वाटू दे तिला. थोडे दिवस.’’

मिक्सर थांबला होता. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी एक हात पुढे करून बॉनेट चाचपलं.

‘‘झाली का रे, सुधीर?’’

काका गाडीच्या उघड्या दारातून आत, फ्यूजच्या डब्यात डोकं घालून उभे होते. मला खोटं बोलता येत नाही, बोललो तर रात्रभर झोप लागत नाही. तरी म्हणालो, ‘‘नाही काकू. एक वायर राहिलीय.’’

काकूंचा तळहात बॉनेटवर तसाच होता. पत्रा चांगलाच तापलेला होता. त्यांनी हात काढला नाही. काकांच्या पाठीकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग ट्रे ठेवला.

‘‘मग होऊ दे सावकाश,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घाई नको करू यांना.’’

कप काकांच्या हाताशी सरकवत त्यांनी पुढे सांगितलं, ‘‘अहो, यंदा भोजपूरला आपण बसनं जाऊन येऊ.’’